नोकरी बदलायची की थांबायचे? नाशिकच्या नव्या सहायक प्राध्यापकांसाठी

एप्रिल-मे उजाडला की कॉलेजांच्या जाहिराती यायला लागतात आणि स्टाफरूममध्ये 'कुठे अर्ज केलास?' सुरू होते. सेट किंवा नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेले, तीन-चार वर्षे शिकवलेले, पीएचडी अर्ध्यावर असलेले कितीतरी जण या दिवसांत घाईने निर्णय घेतात. कधी आठ हजार जास्त मिळतात म्हणून, कधी विभागप्रमुखांशी पटत नाही म्हणून. दोन्ही कारणे खरी असतात. पण सुरुवातीच्या आठ-दहा वर्षांत पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा: मी इथे काढलेले वर्ष पुढे कुठे मोजले जाणार आहे का? बाकीचे सगळे त्यानंतर.

आधी आपले पद नेमके कोणते ते बघा

नियुक्तिपत्र कपाटातून काढा आणि शांतपणे वाचा. 'सहायक प्राध्यापक' हे नाव सगळ्यांनाच लागते, पण त्याखाली पाच वेगळ्या नोकऱ्या आहेत. अनुदानित (पगार शासन देते अशा) कॉलेजातले पूर्णवेळ पद, त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावरचे (शिकवलेल्या तासांपुरते पैसे मिळणारे) काम, विनाअनुदानित कॉलेज किंवा तुकडीवरचे पद, स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठातले पद, आणि लोकसेवा आयोगामार्फत भरले जाणारे शासकीय कॉलेजचे पद. नाशिकमध्ये यातले सगळे प्रकार आहेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या जुन्या संस्थांमध्ये तर एकाच आवारात, एकाच विभागात, शेजारच्या दोन खुर्च्यांवर दोन वेगळ्या प्रकारचे लोक बसलेले असतात. काम तेच, पगार, संरक्षण आणि मोजली जाणारी सेवा मात्र पूर्ण वेगळी.

पत्रात पुढच्या गोष्टी शोधा: नेमणूक किती काळासाठी आहे, वेतनश्रेणी लिहिली आहे की 'एकत्रित मानधन', निवड कोणत्या समितीने केली, आणि राजीनाम्याची मुदत किती. 'अकरा महिन्यांसाठी' असे लिहिले असेल तर दरवर्षीचे नवे पत्र वेगवेगळे जपून ठेवा.

सेवा मोजली जाते का, हे तपासण्याची पद्धत

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत पूर्वीची सेवा थेट भरतीसाठी आणि पदोन्नतीसाठी कधी धरायची ते दिले आहे. नियमित सेवेला मुख्य अटी अशा: त्या वेळी तुमची शैक्षणिक अर्हता नियमाप्रमाणे होती, पद समकक्ष वेतनश्रेणीचे होते, निवड रीतसर समितीने केली होती आणि पुढच्या नोकरीचा अर्ज तुम्ही योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या संस्थेमार्फत केला होता. ही शेवटची अट तरुण मंडळी हमखास विसरतात. घरून परस्पर अर्ज पाठवायचा, निवड झाली की राजीनामा टाकायचा, आणि सहा वर्षांनी जुनी सेवा जोडायला गेले की फाइल तिथेच अडते.

तात्पुरती, कंत्राटी किंवा अॅडहॉक सेवाही धरता येते, पण तिला तीन अटी आहेत. अर्हता कमी नसावी, निवड रीतसर समितीने झालेली असावी, आणि एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. लेव्हल १० चे, म्हणजे नियमित सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या वेतनस्तराचे, सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि त्यावर भत्ते. पंचवीस-तीस हजारांच्या एकत्रित मानधनावर काढलेली वर्षे तिसऱ्या अटीत बसत नाहीत, मग अनुभवाचा दाखला कितीही सुंदर छापलेला असो. तासिका तत्त्वावरच्या वर्षांचेही तेच होते.

ही वर्षे वाया गेली असे समजू नका. मुलाखतीत शिकवण्याचा सराव दिसतोच. फक्त 'माझी पाच वर्षे झाली, म्हणजे अजून तीन वर्षांत सहयोगी प्राध्यापक' हे गणित त्यांच्यावर मांडू नका. थेट सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, किमान सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण (शोधनिबंध वगैरेंना यूजीसीच्या तक्त्याप्रमाणे मिळणारे) लागतात, आणि तो अनुभव समकक्ष पदावरचा असावा लागतो.

आता विद्यापीठ मान्यता. आपल्याकडची बहुतेक कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे प्रतिनिधी असलेल्या निवड समितीतून निवड झाली की त्या नेमणुकीला मान्यता मिळते. स्थानिक समितीने केलेल्या नेमणुकीची मान्यता त्या शैक्षणिक वर्षापुरती असते. तुमच्या हातात मान्यतेचे पत्र आहे का? जावक क्रमांक, तारीख, तुमचे नाव, विषय, 'पूर्णवेळ' हा शब्द आणि कालावधी, या सहा गोष्टी त्यावर वाचता आल्या पाहिजेत. 'प्रस्ताव पाठवला आहे' या उत्तरावर दोन वर्षे गेली असतील तर प्रस्तावाची पोच मागा. पोच नसेल तर प्रस्ताव गेलेलाच नाही असे धरून पुढचा विचार करा.

अभियांत्रिकीवाल्यांना एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, नियम लागू आहेत. तिथे प्रवेशपदाला नेट-सेट लागत नाही, बीई आणि एमई यांपैकी एकात प्रथम वर्ग लागतो. फार्मसी आणि वैद्यकीय शाखांच्या परिषदा वेगळ्या आहेत. शाखा बदलून जात असाल, म्हणजे विज्ञानाच्या कॉलेजातून अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवायला, तर परत येताना तो अनुभव कोणत्या नियमाखाली मांडायचा ते आधीच विचारून घ्या. आणि जाहिरात कोणत्या नियमावलीनुसार आहे तेही वाचा. यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा जाहीर केला तेव्हापासून स्टाफरूममध्ये बऱ्याच ऐकीव गोष्टी फिरतात. मसुद्यावर निर्णय घेऊ नका, जाहिरातीत लिहिलेल्या नियमावर घ्या.

पदोन्नतीचे घड्याळ

नियमित पदावर असाल तर लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडीधारकाला चार वर्षे, एमफिलला पाच आणि नुसत्या पदव्युत्तर पदवीला सहा वर्षे लागतात. शिवाय २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग. तुमचे साडेतीन वर्ष झाले असेल आणि नवी नोकरी त्याच लेव्हलवर असेल, तर सहा महिने थांबून बढती घेऊन जाणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. नव्या ठिकाणी जुनी सेवा जोडण्याच्या कागदपत्रांतच वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते.

संशोधन गुणांचा हिशेबही याच बैठकीत करून टाका. २०१८ च्या तक्त्यात भाषा, मानव्यविद्या, वाणिज्य या शाखांना एका शोधनिबंधाचे १० गुण आहेत, विज्ञान आणि अभियांत्रिकीला ८. इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव गुण वेगळे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे रसायनशास्त्रातल्या दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाचे तुम्हाला ५.६ गुण. नुसत्या अशा निबंधांवर ७५ गाठायला १४ निबंध लागतात, सात पुरत नाहीत. चौथ्या नावाने छापलेल्याचे २.४ गुण, म्हणून 'सरांच्या पेपरवर माझे नाव आहे' यावर विसंबू नका. नव्या कॉलेजात प्रयोगशाळा, उपकरणे, ग्रंथालयाची ऑनलाइन वर्गणी यांपैकी काय मिळणार, हे या हिशेबाशी जोडून बघा.

पगार: कागदावरचा आणि हातातला

समजा तुम्ही सध्या घरापासून पंधरा मिनिटांवर ३२,००० रुपये घेता, बारा महिने, पीएफ नाही. सिन्नरकडच्या एका कॉलेजने ४०,००० देऊ केले आहेत. वरवर आठ हजारांची वाढ. आता खोलात जाऊ.

नेमणूक अकरा महिन्यांची असेल तर वर्षाला ४,४०,००० मिळतील. सिन्नर नाशिकहून सुमारे ३० किलोमीटर. दुचाकीने रोज ६० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे १,४४० किलोमीटर. लिटरला ४५ चा अॅव्हरेज आणि १०५ रुपयांचा दर धरला तर महिन्याला ३,३६० रुपये पेट्रोल, अकरा महिन्यांचे ३६,९६०. उरले ४,०३,०४०, बारा महिन्यांत वाटले तर ३३,५८७. आठ हजारांची वाढ जेमतेम सोळाशेवर आली, आणि टायर, सर्व्हिसिंग अजून धरलेलेच नाही.

त्यात ४०,००० हा आकडा 'सीटीसी', म्हणजे संस्थेचा तुमच्यावरचा एकूण खर्च, असेल तर पीएफचे दोन्ही हिस्से त्यातूनच जातात. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, दोन्ही मिळून ३,६००. पीएफ तुमचाच असतो, म्हणून तो नुकसानीत धरू नका. पण घराचा हप्ता भरायला तो कामाला येत नाही. म्हणून संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारा: 'सर्व कपातींनंतर माझ्या खात्यात दरमहा किती जमा होतील, आणि मे महिन्याचा पगार मिळेल का?'

पूर्ण वेतनश्रेणीवर शहरातून तालुक्याला जात असाल तर घरभाडे भत्ता बघा. नाशिक शहर 'वाय' वर्गात आहे, ग्रामीण भाग 'झेड' मध्ये, आणि झेडचा दर वायच्या निम्मा असतो. दर २० आणि १० टक्के असताना ५,७७० रुपये दरमहा कमी पडतात, तेही सुरुवातीच्या मूळ वेतनावर. पुढे मूळ वेतन वाढले की फरकही वाढतो.

तासिका तत्त्वाचा हिशेब महिन्यावर करूच नका. प्रत्यक्ष झालेल्या तासिकांचेच पैसे मिळतात. दिवाळी, परीक्षा, उन्हाळी सुट्टी कोरडी जाते आणि देयक मंजूर होऊन यायला महिने लागतात. वर्षभराचे एकूण मानधन काढा आणि १२ ने भागा. येईल तो तुमचा पगार. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी समंत्रक म्हणून काम करून बरेच जण भर घालतात. पैसे म्हणून ते ठीक आहे, सेवा म्हणून ते धरले जात नाही.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. काही ठिकाणी खात्यात पूर्ण वेतनश्रेणीचा पगार जमा करतात आणि अर्ध्याहून जास्त रक्कम रोख परत मागतात. यात फॉर्म १६ वर पूर्ण पगार दिसतो आणि न मिळालेल्या पैशांवर आयकर तुम्ही भरता. 'कागदावर सेवा तर मोजली जाते ना' म्हणून या सापळ्यात जाऊ नका. पदासाठी पैसे मागितले तर तिथून उठून या. त्या पैशाची पावती नसते, बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या पदवाटपात) किंवा मान्यतेत पद अडकले तर तो परत मिळत नाही, आणि वडिलांनी शेत गहाण टाकून भरलेला असेल तर घर पिढीभर सावरत नाही.

नव्या कॉलेजची चौकशी

संकेतस्थळावरचे फोटो बघून काही कळत नाही. विद्यार्थी किती, हे आधी काढा. अभियांत्रिकी, फार्मसी, व्यवस्थापन यांच्या प्रवेश फेऱ्यांची यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असते; ६० जागांच्या शाखेत २० प्रवेश दिसत असतील तर दोन वर्षांत कार्यभार घटणार आणि सर्वांत शेवटी आलेला आधी जाणार. कला-वाणिज्य-विज्ञानात तुमच्या विषयाच्या तिसऱ्या वर्षाला पटावर किती मुले आहेत ते विचारा. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाल्यापासून मुख्य आणि गौण विषयांची मांडणी बदलली आहे. छोट्या विषयांचा कार्यभार पूर्वीसारखा उरेलच असे नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका, चालू सत्राचे वेळापत्रक मागा.

वेळापत्रकात तुमच्या संभाव्य नावासमोरच्या तासिका मोजा. यूजीसीने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन धरले आहे. २४ दिसले तर संशोधनाला वेळ कुठून येणार? नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, परीक्षा विभाग आणि जूनमध्ये गावोगाव फिरून प्रवेश आणण्याचे 'टार्गेट' वेळापत्रकात दिसत नाही, ते माणसांनाच विचारावे लागते.

त्यासाठी तिथल्या दोन जणांना भेटा: एक गेल्या दोन वर्षांत लागलेला, एक नुकताच सोडून गेलेला. पगार चांगला आहे का, असे विचारू नका. 'मागच्या सहा महिन्यांत पगार कोणकोणत्या तारखेला जमा झाला?' असे विचारा. तारखा सांगताना माणूस आढेवेढे घेत असेल तर उत्तर मिळालेच. दुसरा प्रश्न: 'सोडताना अनुभवाचा दाखला किती दिवसांत मिळाला?'

पीएचडी अर्ध्यावर असेल तर

अर्धवेळ पीएचडीला नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि संस्था बदलली की नव्या संस्थेचे. ते देणार का, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे आहेत. नवीन जागी स्थिरावण्यात पहिले सत्र जातेच, ते या सहा वर्षांतूनच जाते. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. संशोधन केंद्र नाशिकमध्येच असेल आणि तुम्ही मालेगावला गेलात, तर शंभर किलोमीटर येऊन प्रयोग करण्याचा उत्साह दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. प्रबंध वर्षभरात सादर होणार असेल तर थांबा. ही एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो.

पीएचडी झालेल्यांसाठी दुसरी बाजू. पूर्णवेळ, कायम पदावरचा सहायक प्राध्यापक, पीएचडी आणि तीन शोधनिबंध असतील, तर मार्गदर्शक होऊ शकतो आणि चार विद्यार्थी घेऊ शकतो. पण मान्यता तुम्ही नोकरी करता त्या विद्यापीठाची किंवा त्याच्या पदव्युत्तर केंद्राची असते. जिथे पदव्युत्तर वर्गच नाही अशा कॉलेजात जाताना हे दार बंद होते.

अंतर

नाशिकमध्ये घर ठेवून बाहेर नोकरी करणारे खूप आहेत. सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबक, ओझर इथवर रोजचे जाणे-येणे निभते. त्र्यंबक रोडवर नोकरी घेत असाल तर सिंहस्थाच्या काळात, म्हणजे २०२७ च्या पावसाळ्यात, तो रस्ता नेहमीसारखा नसेल हे धरून चला. चांदवड, येवला, मनमाडला आठवड्यातले सहा दिवस जाऊन संशोधन होत नाही. पंचवटी एक्सप्रेसने कल्याणपर्यंत अप-डाऊन करता येते, पण गंगापूर रोडकडून नाशिकरोड स्टेशन गाठण्याचा वेळ धरून दिवसाचे सहा-सात तास प्रवासात जातात. पुणे दोनशे किलोमीटरच्या पुढे. तिथे नोकरी म्हणजे तिथे घर, आणि पुण्याचे भाडे.

कधी थांबावे, कधी निघावे

सलग पाच वर्षे पूर्ण होत आली असतील तर थांबा. ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही लागू आहे: शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. ३०,००० वर पाच वर्षांचे सुमारे ८६,५०० रुपये होतात. पाच वर्षांना थोडेच महिने उरले असताना राजीनामा देऊन हे सोडू नका.

तीन महिने पगार नाही, मान्यतेचा प्रस्ताव दोन वर्षांत गेलेला नाही, किंवा खोट्या हजेरीवर आणि गुणांवर सह्या मागतात, यांतले काही असेल तर जास्त थांबण्यात अर्थ नाही. शेवटच्या प्रकारात तर पुढची नोकरी हातात नसली तरी निघा, सही तुमची असते.

विभागातल्या भांडणावरून निर्णय घेत असाल तर सत्र संपेपर्यंत थांबून बघा. विभागप्रमुखपद फिरते आहे का, तेही विचारा. पुष्कळदा माणूस बदलतो आणि कॉलेज तेच चांगले वाटायला लागते.

राजीनामा देताना

आधी नवे नियुक्तिपत्र हातात, मग राजीनामा. फोनवरचा होकार किंवा 'सोमवारपासून या' यावर सोडू नका. मुदत एक महिना की तीन महिने हे पत्रात बघा आणि ती सत्र संपताना पुरी होईल अशी तारीख टाका. ऑक्टोबरच्या मध्यात गेलात तर मुलांचे हाल होतात आणि दाखलाही अडतो. राजीनामा आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. शासकीय किंवा अनुदानित नियमित पदावरून तशाच पदावर जात असाल तर पत्रात तांत्रिक राजीनाम्याचा (सेवा न तुटता नव्या पदावर जाण्यासाठीचा) आणि धारणाधिकाराचा (जुन्या पदावर परत येण्याच्या हक्काचा) उल्लेख करा, साधा राजीनामा देऊ नका.

निघण्याआधी हे गोळा करा: कार्यमुक्ती आदेश, ना देय प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, सर्व वर्षांची नियुक्तिपत्रे आणि मान्यतापत्रे, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, निवड समितीच्या अहवालाची साक्षांकित प्रत. यातली शेवटची मिळवणे सर्वांत अवघड आणि पुढे तिचीच गरज पडते. अनुभवाच्या दाखल्यावर पद, विषय, पूर्णवेळ की अर्धवेळ, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, वेतनश्रेणी आणि एकूण मासिक वेतन हे सगळे आकड्यांत असावे. 'त्यांचे काम समाधानकारक होते' एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

मूळ पदवी प्रमाणपत्रे जुन्या संस्थेकडे असतील तर राजीनाम्याआधी काही निमित्ताने परत घ्या, आणि नव्या ठिकाणी मूळ कागद दाखवा पण ठेवायला देऊ नका.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात दोन कामे उरकून टाका. जुना यूएएन (पीएफचा कायम) क्रमांक देऊन पीएफ नव्या खात्यात वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर लागतो. आणि पूर्वीची सेवा जोडण्याचा अर्ज सगळ्या प्रतींसह प्राचार्यांकडे द्या, पोच घ्या. कागद ताजे असतात, सही करणारे जुने प्राचार्य अजून खुर्चीवर असतात, आणि एखादी तारीख चुकली असेल तर दुरुस्त करून घेता येते.